फोर्ट मॅकमरेला शिफ्ट होतोय. वणव्यात शहर रिकामं करतात तेव्हा आर्मी येते का? २०१६ ला तिथे असलेल्यांनी प्लीज सांगा

नवी_वाट:
नमस्कार मंडळी. नवऱ्याला कॅनडात अल्बर्टा प्रांतातल्या फोर्ट मॅकमरेला जॉब लागलाय, एप्रिलमध्ये आम्ही शिफ्ट होतोय, सोबत ४ वर्षांची मुलगी आणि सासूबाई, त्यांचे गुडघे दुखतात, जिना भराभर उतरता येत नाही. घरं बघायला लागलो तर आवडलेली दोन्ही घरं अबासँड आणि बीकन हिलमधली निघाली आणि ही नावं सर्च केली की पहिला वणवाच समोर येतो. मे २०१६ ला सगळं शहर रिकामं केलं, ८८,००० माणसं, आणि मे २०२४ ला परत हेच दोन भाग आणि शेजारचे अजून दोन असे मिळून ६,००० च्या वर लोकांना बाहेर काढलं. तेव्हापासून माझी झोप उडालीये.

शहरातून बाहेर पडायला हायवे ६३ हा एकच रस्ता आहे म्हणतात, मग एवढी माणसं त्या दिवशी निघाली कशी? आर्मी घरोघरी येऊन काढते की आपलं आपण निघायचं? हॉस्पिटलमधले पेशंट, ज्यांच्याकडे गाडी नाही ते, म्हातारी माणसं, यांचं कोण बघतं? आणि बाहेर पडलो तर जायचं कुठे, आमचं अल्बर्टात कोणीच नाही. नवरा म्हणतो कॅनडाची आर्मी आहे ना, कशाला घाबरतेस. पण मी जेवढे व्हिडिओ बघितले त्यात आर्मी कुठेच दिसली नाही, नुसत्या गाड्या, गाड्या आणि दोन्ही बाजूला आग. ज्यांनी हे स्वतः पाहिलंय त्यांनी खरं काय ते सांगा, धीर देण्यासाठी गोड करून सांगू नका.

थिकवुडकर:
ताई, मी २०१२ ते २०१९ तिथे होतो, शहराच्या उत्तरेकडच्या थिकवुड भागात घर होतं. जमेल तसं लिहितो, लांबेल.

आग १ मेला शहराच्या नैर्ऋत्येला लागली. रात्री डोंगरामागे लाल दिसायचं, तिथे वणवे नवीन नाहीत त्यामुळे लोक बघून झोपत होते. ३ मेची सकाळ एकदम स्वच्छ, निळं आकाश, आम्हाला वाटलं वारा फिरला, सुटलो. नंतर कळलं की सकाळी जमिनीलगतच्या थंड हवेवर गरम हवेचा थर बसतो आणि धुराला खाली दाबून धरतो, ऊन चढलं की तो थर फुटतो आणि आगीला वरून हवा मिळते. त्या दिवशी तापमान ३० च्या वर गेलेलं, मे महिन्याच्या सुरुवातीला, झाडांना अजून पालवी नाही, बर्फ लवकर वितळलेला, जमीन वाळून कोळ झालेली, आणि चहूकडे ब्लॅक स्प्रूस, ती झाडं बुंध्यापासून शेंड्यापर्यंत एका झटक्यात पेटतात. दुपारी जेवून मी खिडकीपाशी आलो तर समोर धुराचा खांब उभा, वर जाऊन फ्लॉवरसारखा पसरलेला. तासाभरापूर्वी तिथे काही नव्हतं.

माझी सुट्टी होती, बायको डाउनटाउनला कामावर, मुलगी शाळेत. आधी शाळा. शाळेत बायका आपल्या मुलांबरोबर शेजारच्यांची मुलंही सह्या करून नेत होत्या आणि शिक्षिका प्रत्येक मूल कोणाबरोबर गेलं ते वहीत लिहून घेत होत्या, स्वतःच्या घराचं काय झालं माहीत नसताना. मला आजही वाटतं त्या दिवसातलं सगळ्यात मोठं काम त्या वहीचं होतं.

दुपारी बीकन हिल आणि अबासँड रिकामे करायला सांगितले आणि संध्याकाळी सहाच्या सुमारास पूर्ण शहर. बीकन हिलला आग थेट हायवेच्या कडेला आल्यामुळे दक्षिणेची वाट मधेच बंद झाली, म्हणून आमच्या बाजूच्या लोकांना उत्तरेला पाठवलं, तेलाच्या साइट्सकडे, तिथे कामगारांचे राहायचे कॅम्प असतात. साधारण २५,००० माणसं अशी उत्तरेला गेली, जिथून पुढे रस्ताच संपतो. ही गोष्ट लक्षात घ्या, आगीपासून लांब जात होतो पण सुटकेपासूनही लांब जात होतो, गाडीत सगळ्यांना ते कळत होतं आणि कोणी बोलत नव्हतं.

गर्दीचं म्हणाल तर हॉर्न जवळजवळ नाही. माझा यावर विश्वास बसला नसता पण खरंच नाही. एखादी गाडी बंद पडली की मागचे दोघे उतरून कडेला ढकलायचे आणि त्या माणसांना आपल्या गाडीत घ्यायचे. आमच्या मागच्या सीटवर एक अनोळखी आजोबा आणि त्यांचं मांजर होतं. ते आजोबा कॅम्पला पोचेपर्यंत एकच वाक्य तीनदा बोलले, "गॅस बंद केला का आठवत नाही".

कॅम्पवर कामगारांनी आपल्या खोल्या सोडल्या, एकेका खोलीत दोन-दोन तीन-तीन झोपले, काही जण विमानाने आपापल्या घरी गेले म्हणजे आम्हाला बेड मिळावेत. किचन रात्रभर चालू. फोर्ट मॅके या आदिवासी वस्तीने पण दारं उघडली. मग दोन दिवसांत कंपन्यांच्या स्वतःच्या धावपट्ट्यांवरून विमानं सुरू झाली, बायको आणि मुलगी तशा एडमंटनला गेल्या. माणसं कुत्र्या-मांजरांसकट चढली, कुणी तिकीट विचारलं नाही.

मी गाडीसाठी थांबलो आणि ६ मेला ताफ्यातून दक्षिणेला आलो. ५०-५० गाड्यांचे गट, पुढे-मागे आरसीएमपीच्या म्हणजे कॅनडाच्या केंद्रीय पोलिसांच्या गाड्या, वर हेलिकॉप्टर, प्रत्येक फाट्यावर पोलीस म्हणजे कोणी घर बघायला वळू नये. मधे ज्वाळा वाढल्या म्हणून काही वेळ ताफा थांबवला. शहरातून जाताना बीकन हिल दिसलं. घरांच्या जागी जिने. फक्त सिमेंटचे जिने, वर काही नाही. त्यावर मी अजून काही लिहू शकत नाही.

तर आर्मी घरोघरी आली का, तर नाही. घरोघरी दारं वाजवली ती फायर ब्रिगेड आणि आरसीएमपीने. बाकी आम्ही एकमेकांना काढलं.

रिझर्व्हिस्टचे_बाबा:
थिकवुडकर, फार छान लिहिलंत, पण आर्मीचा भाग मी जरा नीट सांगतो, माझा मुलगा रिझर्व्हमध्ये म्हणजे अर्धवेळ सैनिक आहे आणि वणव्याच्या ड्युटीवर गेलेला आहे, त्यामुळे हे घरात खूप बोललं जातं.

कॅनडात सैन्य आपण होऊन येत नाही. आधी गाव-शहर, त्यांना झेपेनासं झालं की प्रांत, आणि प्रांताला झेपेनासं झालं की प्रांत केंद्राकडे मदत मागतो, मग सैन्य निघतं. या कामाला ऑपरेशन लेंटस म्हणतात, पूर असो वा वणवा. अल्बर्टाने ४ मेला आणीबाणी जाहीर केली आणि सैन्याची मदतही त्याच सुमारास मागितली. म्हणजे ३ तारखेच्या दुपारी जेव्हा लोक रस्त्यावर होते तेव्हा सैन्य दिसणं शक्यच नव्हतं, यात कोणाची कुचराई नाही, रचनाच तशी आहे. नवी_वाट, तुमच्या मिस्टरांना हे जरूर सांगा. पहिले १२ तास तुमचे, शेजाऱ्यांचे, फायर ब्रिगेडचे आणि पोलिसांचे.

सैन्याकडून मागवलं काय? मुख्यतः विमानदल. ग्रिफन हेलिकॉप्टर्स आणि एक हर्क्युलिस हे मालवाहू विमान. ग्रिफनचं एक स्क्वाड्रन एडमंटनलाच असतं त्यामुळे ती लवकर पोचली. त्यांचं काम म्हणजे अडकलेल्या माणसांना उचलणं, फायरफायटर आणि सामान पोचवणं, आणि ज्या ताफ्याचं तुम्ही लिहिलंत त्यावर वरून नजर ठेवणं, कारण खालच्या पोलिसाला धुरात पुढच्या वळणावर आग किती जवळ आलीये ते दिसत नाही, वरच्याला दिसतं. तुमचा ताफा मधे थांबवला तो निर्णय असाच वरून बघून होतो. जमिनीवर मोठी फौज २०१६ ला उतरलीच नाही, आणि उतरवून रस्त्यात अजून ट्रक घातले असते तर त्याच एका हायवेवर लोकांची वाट अडली असती.

लोकांना वाटतं सैनिक म्हणजे आग विझवणार. वणव्याची आग विझवणं हे वेगळं शिक्षण आहे. मुलाला पाठवलं तेव्हा काही दिवसांचं ट्रेनिंग दिलं आणि काम होतं मागच्या बाजूचं, म्हणजे मुख्य आग पुढे गेल्यावर जमिनीखाली मुळं धुमसत राहतात ती हाताने चाचपून, खणून, पाणी मारून गार करायची. गुडघ्यावर बसून, राखेत, दिवसाला १२ तास. तो म्हणाला बाबा हातमोजा काढून उलट्या हाताने जमिनीची ऊब बघायची, जिथे ऊब तिथे खण. हे काम कोणत्याच व्हिडिओत येत नाही. पण ते नाही केलं तर आठवड्याने वारा सुटला की तीच आग परत. फोर्ट मॅकमरेची आग जुलै २०१६ ला आटोक्यात आली म्हणून जाहीर केलं पण पूर्ण विझली असं म्हणायला ऑगस्ट २०१७ उजाडला, मधे एक अख्खा हिवाळा बर्फाखाली धुमसत होती. जळालेलं क्षेत्र जवळपास ५.९ लाख हेक्टर.

थिकवुडकर:
बाबा, मान्य, रचना समजली, पण उत्तरेच्या कॅम्पमध्ये अडकलेल्या माणसाला रचना समजावून काही होत नाही. ४ तारखेला दिवसभर आम्हाला कोणी सांगत नव्हतं की दक्षिणेला कधी सोडणार. अफवा एवढ्या की पाणी संपलं, डिझेल संपलं, कॅम्पपण रिकामा करणार. सैन्य एक दिवस आधी मागितलं असतं तर काय बिघडलं असतं, हा प्रश्न माझ्या मनातून अजून जात नाही. हेलिकॉप्टरचा आवाज पहिल्यांदा ऐकला तेव्हा शेजारच्या टेबलावरचा सहा फुटी वेल्डर रडला. त्या आवाजाने आग विझणार नव्हती, पण बाहेरच्या जगाला आपण इथे आहोत हे माहीत आहे एवढं कळलं.

रिझर्व्हिस्टचे_बाबा:
तुमचं बरोबर आहे. आधी मागून ठेवायला हरकत नव्हती, तयार ठेवून वापरलं नाही तरी चालतं. मी रचनेची बाजू घेतली कारण ताईंनी चुकीच्या भरवशावर राहू नये. तुमचा त्रास खोडायचा नव्हता.

एडमंटनची_मावशी:
नवी_वाट, तुझ्या शेवटच्या प्रश्नाचं उत्तर मी देते, बाहेर पडून जायचं कुठे.

हायवे ६३ ने एडमंटन ४३० किलोमीटरच्या आसपास, एरवी पाच तास, त्या रात्री लोकांना पंधरा-पंधरा तास लागले. वाटेत पेट्रोल संपलं. मग आमच्या इकडून लोक आपल्या पिकअपमध्ये पेट्रोलचे कॅन, पाण्याचे क्रेट, डायपर भरून उलट दिशेने निघाले, कोणी सांगितलं नव्हतं, कडेला थांबून फुकट वाटत होते. प्रांतानेही पोलिसांबरोबर टँकर पाठवला. लाक ला बिशमध्ये एवढंसं गाव पण हजारोंना थांबवून घेतलं. काही बिचारे आधी फोर्ट मॅकमरेजवळच्या अँझॅक या वस्तीत जाऊन टेकले होते, तर ४ तारखेला आग तिकडे वळली आणि त्यांना परत उठवावं लागलं, म्हणजे दोन दिवसांत दोनदा घर सोडल्यासारखं.

एडमंटनला नॉर्थलँड्सच्या हॉलमध्ये मोठं केंद्र होतं, मी तिथे दोन आठवडे जात होते. खरं सांगू का, पहिल्या दोन दिवसांत कपड्यांचा एवढा डोंगर झाला की ते घड्या घालायलाच पन्नास माणसं लागली, आणि ज्याला खरंच काही हवं होतं तो मात्र त्या डोंगराकडे बघून परत जायचा. लोकांना काय हवं होतं सांगू? फोनचा चार्जर. नवी अंतर्वस्त्रं. चष्मा. बीपीच्या गोळ्या, आणि गोळीचं नाव आठवत नाही, "पांढरी, लहान" एवढंच. एक बाई फक्त एक तास कोणीतरी बाळ धरा, मला अंघोळ करू दे म्हणाली. मी धरलं. ते बाळ आता शाळेत असेल.

म्हणून माझं ठाम मत आहे की द्यायचे तर पैसे द्यावेत. रेड क्रॉसने आठवडाभरात मोठ्या माणसामागे ६०० डॉलर आणि मुलामागे ३०० डॉलर थेट खात्यात टाकले, आणि प्रांताने डेबिट कार्ड दिली, मोठ्यांना १,२५० आणि अवलंबून असलेल्या प्रत्येकामागे ५००. रांगा खूप मोठ्या होत्या, उन्हात तासन् तास, पण हातात पैसे आल्यावर माणसाचा चेहरा बदलायचा, आपल्या मुलाला कुठल्या रंगाचा शर्ट हे पुन्हा तो स्वतः ठरवत होता. देणग्या आणि सरकारने घातलेली भर मिळून रेड क्रॉसकडे ३० कोटी डॉलरच्या वर जमले. आणि कॅलगरीत नुकतीच आलेली सीरियन निर्वासित कुटुंबं, ज्यांचं स्वतःचं बस्तान अजून बसायचं होतं, त्यांनी वर्गणी काढून सामान पाठवलं. त्यातली एक बाई म्हणाली होती म्हणे की सगळं सोडून निघणं काय असतं ते आम्हाला माहीत आहे.

आमच्या तळघरात एक फिलिपिनो कुटुंब राहिलं, पाच जणं, जूनच्या सुरुवातीला भाग-भाग करून परत सोडायला लागले तोपर्यंत. अजून दर ख्रिसमसला फोन येतो.

यलोनाईफवाला:
गाडी नसलेल्यांचं मी लिहितो कारण २०२३ ला मी त्यातलाच होतो. यलोनाईफ, वायव्य प्रांतांची राजधानी, २०,००० वस्ती. १६ ऑगस्टच्या संध्याकाळी ऑर्डर आली की १८ च्या दुपारी १२ पर्यंत शहर सोडा. इथेही बाहेर जायचा हायवे एकच, आणि एडमंटन जवळजवळ १,५०० किलोमीटर. फरक एवढा की आम्हाला दीड दिवस मिळाला, फोर्ट मॅकमरेला काही तास पण नाही मिळाले.

गाडी नाही त्यांनी हायस्कूलमध्ये नाव नोंदवायचं, तिथून बसने विमानतळ. रांग शाळेला वळसा घालून मागे गेलेली. नेहमीची विमानं पण होती आणि सैन्याची पण. रांगेत म्हातारी माणसं खुर्चीवर, आणि रांग सरकली की मागची पोरं खुर्चीसकट उचलून पुढे ठेवायची. सैन्य इथे आधीच आलेलं होतं. त्यांनी आणि गावातल्या ठेकेदारांनी मिळून शहराच्या पश्चिमेला झाडं पाडून जाळरेषा काढल्या, बुलडोझर गावातल्यांचे, चालवणारे गावातले, आणि पाण्याचे पाइप, स्प्रिंकलर लावायला असे लोक मागे थांबले ज्यांची स्वतःची घरं त्याच बाजूला होती. आग साधारण १५ किलोमीटरपर्यंत आली आणि शहर वाचलं. ६ सप्टेंबरला परत सोडलं.

पण एंटरप्राइझ नावाची छोटी वस्ती जवळजवळ पूर्ण गेली. आणि तिकडच्याच 'हे रिव्हर' आणि 'फोर्ट स्मिथ' या दोन गावांना केबल जळाल्यामुळे ऐन निघायच्या वेळी फोन-इंटरनेट बंद. म्हणून कोणी म्हणालं फोनवर सगळं कळेल तर एक कागद पण ठेवा, नंबर लिहिलेला.

नवी_वाट:
सगळं दोनदा वाचलं, नवऱ्याला पण वाचायला लावलं. तो बराच वेळ काही बोलला नाही मग म्हणाला टाकी कधी अर्ध्याखाली जाऊ द्यायची नाही. थिकवुडकर दादा, तुमचं घर वाचलं का? आणि माणसं किती गेली? विचारायला नको वाटतं पण विचारते. आणि सासूबाईंचं काय करू, हॉस्पिटलचं कोणी लिहिलं नाही.

थिकवुडकर:
घर वाचलं. शहराचा बहुतेक भाग वाचला, साधारण २,४०० इमारती गेल्या, अबासँड, बीकन हिल आणि वॉटरवेजला सगळ्यात जास्त. आगीत थेट कोणी गेलं नाही, पण निघताना हायवे ८८१ वर, जो शहराच्या दक्षिणेला ६३ ला मिळतो, अपघातात दोघं गेले, तरुण मुलं. कोणी "एकही बळी नाही" म्हटलं की मला ते दोघं आठवतात.

हॉस्पिटलमधून १०० च्या वर पेशंट काढले, बसमधून आधी उत्तरेच्या साइटवर आणि तिथून विमानाने एडमंटनला. नर्सेस कपडेसुद्धा न बदलता सोबत गेल्या. हे काम इतकं शांतपणे झालं की त्याची बातमीच फार झाली नाही.

सासूबाईंसाठी तळमजल्याचं घर बघा, भाग कुठलाही असो. गोळ्यांच्या नावांचा फोटो, चष्म्याचा नंबर, एक जोडी कपडे, हे गाडीतच ठेवा, घरात नाही. भाड्याने राहत असलात तरी भाडेकरूचा इन्शुरन्स घ्या, वणव्याचं सामान्यतः कव्हर असतं आणि बाहेर राहायचा खर्चही धरतात, पण पॉलिसीत ते शब्द स्वतः वाचा. प्रत्येक खोलीचा कपाटं उघडून व्हिडिओ काढून ठेवा, आमच्या शेजाऱ्याने राखेसमोर उभं राहून घरात काय काय होतं याची यादी आठवून आठवून केली होती. २०१८ पासून इमर्जन्सी अलर्ट सरळ फोनवर येतो, आम्हाला तेव्हा तो नव्हता. आला की वाट बघू नका. ज्यांना निघायला वेळ लागतो त्यांनी "तयार राहा" म्हटल्यावरच निघायचं, "निघा" म्हणायची वाट बघायची नाही. २०२४ ला निघालेले लोक चार-पाच दिवसांत घरी परत आले, फुकट गेले असं कोणी म्हणालं नाही.

आणि निघताना फ्रीजकडे बघू नका. मी महिन्याने परत आलो तेव्हा रस्त्याच्या कडेला प्रत्येक घरासमोर टेपने बांधलेला फ्रीज होता, गल्लीच्या गल्ली, उघडायचाच नाही, तसाच उचलून नेत होते. एकाच्या दारावर मुलांनी काढलेलं चित्र अजून चिकटलेलं.

एडमंटनची_मावशी:
नवी_वाट, इकडे माझ्याकडे खालच्याच मजल्यावर खोली आहे, बाथरूम लागून, जिना नाही. तू एप्रिलमध्ये एडमंटनवरूनच जाणार ना, तेव्हा सासूबाईंना घेऊन ये, त्यांना घर दाखव, म्हणजे कधी वेळ आलीच तर त्यांना अनोळखी वाटणार नाही. पत्ता मेसेजमध्ये पाठवलाय, फोनमध्ये नको ठेवूस, कागदावर लिही.